यूडीआयडी कार्ड: वर्षभर वापरल्यानंतर

दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं सरकारी ओळखपत्र, काढावं का, असं मला दुकानात बरेच जण विचारतात. माझं उत्तर, काढाच. पण कार्ड हातात आलं म्हणजे सगळ्या सवलती आपोआप सुरू झाल्या असं मात्र समजू नका. प्रत्येक सवलतीची अट वेगळी आहे आणि ती कार्डावर लिहिलेली नसते.

माझ्याविषयी थोडं सांगते, म्हणजे पुढचं दिव्यांगत्वाच्या टक्क्यांचं बोलणं समजेल. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर आहे, म्हणजे पायाला आधार द्यायला बांधायच्या लोखंडी पट्ट्या. तो काढला की मांडीवर हात दाबून चालावं लागतं. तालुक्याच्या गावी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मशीनला मोटर बसवून घेतली आहे, कारण पायडल मला मारता येत नाही.

अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे वेबसाइटवर, करायचा. त्याला एक रुपयाही लागत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण दवाखान्याच्या फाटकाबाहेर पैसे मागणारे भेटतात. 2021 च्या जूनपासून दिव्यांगत्वाचा दाखला याच पोर्टलवरून देणं देशभर सक्तीचं झालं आहे, त्यामुळे दुसरी वाट शोधूच नका. माझा अर्ज भाचीने मोबाइलवर भरला. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि जुना कागदी दाखला असेल तर तो. नावातलं अक्षर अन् अक्षर आधारप्रमाणे असू द्या. अर्ज भरण्याच्या भागाला माझ्याकडून पूर्ण गुण.

तपासणीच्या दिवसाला मी तेवढे गुण देणार नाही. आमच्या सिव्हिलमध्ये डोळे, कान, हाडं, मतिमंद मुलं, सगळ्यांना एकाच दिवशी बोलावतात. केसपेपरची खिडकी उभ्या माणसाच्या छातीएवढी उंच. कुबडीवाल्याने कागद कुठल्या हाताने द्यायचे? व्हीलचेअरवरच्या माणसाला तर आतला कारकून दिसतसुद्धा नव्हता. पाय तपासताना कॅलिपर काढायला सांगतात, आणि त्या खोलीत पडदा नव्हता. मी पडदा मागितला, तेव्हा सिस्टरांनी चादर धरली. बायकांनो, हे मागायला लाजू नका. सैल सलवार घालून जा आणि सोबत एखादी बाई न्या. डॉक्टर मात्र नीट वागले. घाई केली नाही, प्रत्येक सांधा हलवून पाहिला, "आता माझ्या हाताविरुद्ध जोर लावा, ताई" असं म्हणत एकेका स्नायूची ताकद तपासली.

टक्के कसे बसतात हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पायाचे दोन भाग धरतात. एक हालचाल, म्हणजे सांधे किती वळतात आणि स्नायूंत जोर किती आहे. दुसरा तोल. त्यात सपाट जागी चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यावर बसणं, वळणं, अशा गोष्टी बघतात. या दोन भागांची सरळ बेरीज होत नाही. समजा तोलाचे 40 बसले आणि हालचालीचे 18, तर तुम्ही 58 धराल. त्यांच्या सूत्रात मोठा आकडा तसाच राहतो आणि धाकटा आकडा 90 मधल्या उरलेल्या भागाच्या प्रमाणात मिळवतात. 90 मधून 40 गेले, उरले 50; म्हणून 18 ला 50 ने गुणून 90 ने भागायचं, येतात 10. म्हणजे 40 अधिक 10, एकूण 50. पाय तोकडा असेल तर पहिल्या अर्ध्या इंचाला काही नाही, पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला 4 टक्के. म्हणून "मी जिना चढतो की" असं अभिमानाने सांगण्याआधी हेही सांगा, की कठडा धरावा लागतो, वर पोहोचल्यावर थांबावं लागतं, उकिडवं बसता येत नाही. हे रडगाणं नव्हे. डॉक्टरांना दिवसातली पाच-दहा मिनिटं दिसतात, बाकीचा दिवस आपणच सांगायचा असतो.

मला 58 टक्के बसले. पोलिओचा पाय सुधारणार नाही, त्यामुळे दाखल्यावर 'कायमस्वरूपी' असं आलं. तुमच्या दाखल्यावर मुदत घातली असेल तर कारण तिथल्या तिथे विचारा. टक्के पटले नाहीत तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम 59 प्रमाणे अपील करता येतं. बहुतेक लाभांची दारं 40 टक्क्यांना उघडतात, त्यामुळे 38 आणि 40 यांतला फरक माणसाचं आयुष्य बदलणारा असतो.

कार्ड घरी पोस्टाने आलं, पण त्याआधीच पोर्टलवरून ई-कार्ड उतरवून घेता येतं. 40 च्या खाली पांढरा रंग, 40 ते 80 च्या मधे पिवळा, 80 आणि त्यापुढे निळा. कार्डावरचा अठरा अक्षर-अंकांचा नंबर वेगळा लिहून ठेवा. फॉर्मवर सतत लागतो.

सगळ्यात सुख एसटीत मिळालं. बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहेच, पण या कार्डावर 75 टक्के सवलत, म्हणजे पावच भाडं. कंडक्टरला कार्ड दाखवलं की प्रश्न मिटतो. पूर्वी लॅमिनेशन केलेला फाटका दाखला पुढे केला की त्यावरची सही कुणाची, शिक्का कुठला, अशी उलटतपासणी सगळ्या गाडीसमोर व्हायची. ती बंद झाली, एवढ्यासाठीसुद्धा हे कार्ड मला मोलाचं वाटतं. सोबत्याला अर्धं तिकीट मात्र 65 टक्क्यांपासून आहे, त्यामुळे माझ्या यजमानांना पूर्ण भाडं पडतं.

रेल्वेचं निराळं. तिथे सवलत हवी तर सरकारी डॉक्टरांकडून रेल्वेच्या नमुन्यात दाखला आणावा लागतो आणि सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही असं त्यात नमूद असावं लागतं. मग रेल्वेचं वेगळं ओळखपत्र मिळतं. ते झालं की स्लीपर आणि थ्री एसीला 75 टक्के सवलत, आणि सोबत्यालाही तेवढीच. तपासणीला जाल तेव्हाच हा नमुना छापून न्या आणि त्याच डॉक्टरांना विचारा. सरकारनेच दिलेलं एक कार्ड सरकारच्याच रेल्वेला पुरत नाही, हे मला पटत नाही.

आता निराधारचे पैसे, म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिन्याला 2500 रुपये मिळतात; आधी 1500 होते. अर्ज सेतूत किंवा तहसीलला. वय 18 ते 65, दिव्यांगत्व 40 टक्के, इथपर्यंत मी बसते. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50 हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे घरातल्या सगळ्यांचं मिळून महिन्याला सव्वाचार हजारसुद्धा चालत नाहीत. यजमान हमाली करतात, मी मशीन चालवते, आम्ही या आकड्याच्या वर जातो, म्हणून मी बाहेर. जी बाई घरात बसून राहिली तिला मिळेल आणि जिने पायाला लोखंड बांधून दुकान उघडलं तिला नाही. मी तिचे पैसे कमी करा म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की कॅलिपरची दुरुस्ती, त्याला जोडलेले बूट, जिथे दुसरा माणूस चालत जातो तिथे लागणारी रिक्षा, हा सगळा खर्च आधी उत्पन्नातून वजा करा आणि मग 50 हजारांचा हिशोब लावा.