घेतली केवढ्याला आणि पडली केवढ्याला: जुनी सॅन स्टॉर्म, 14 महिन्यांनंतर

गाडी दारात उतरली त्या दिवसापासून येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, "केवढ्याला पडली?" घेतली केवढ्याला हे सांगणं सोपं आहे, 2,40,000 रुपयांना. पडली केवढ्याला हे कळायला मला 14 महिने आणि 6,300 किलोमीटर लागले. हा अनुभव मुख्यतः त्या दोन आकड्यांमधल्या अंतराबद्दल आहे. गाडी चालवायला कशी आहे तेही सांगतो, पण ओघाओघात.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅन मोटर्सने नव्वदीच्या दशकाच्या शेवटी भारतात काढलेली ही दोन दारांची, दोन माणसांची, उघडी गाडी. अंग सगळं फायबरचं, इंजिन रेनॉचं 1149 सीसी, ताकद 60 बीएचपीच्या आसपास. आजच्या हॅचबॅकपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण छत काढून, रस्त्यापासून वीतभर उंचीवर बसून देवगड-आचरा रस्त्याने निघालात की 60 चा वेगही 100 सारखा वाटतो. माझी गाडी 2001 ची, एमएच-07, म्हणजे सिंधुदुर्ग पासिंगची. वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माडाखाली, झावळ्यांच्या मांडवात ती पाच वर्षं उभी होती.

विकणारे निवृत्त गृहस्थ, माणूस सज्जन. त्यांचं म्हणणं होतं, "गाडी चाललीच नाही, म्हणजे झिजलीच नाही. आणि फायबरला गंज नाही." मागणी 3,25,000. वरून गाडी खरंच देखणी होती. रंग उडालेला, पण कुठे पत्रा फुगलेला नाही, दाराच्या खालच्या कडेला भोकं नाहीत. कोकणात जुनी गाडी बघायची सवय असलेल्या माणसाचा हात आपोआप दाराच्या खालच्या कडेला जातो, तिथे हाताला लाल भुकटी लागली नाही की जीव भांड्यात पडतो. माझाही पडला. तिथेच मी फसलो. त्यांनी फसवलं नाही, मीच माझ्या सवयीला फसलो.

फायबर गंजत नाही, पण ते ज्यावर बसवलंय तो सांगाडा लोखंडी आहे. साध्या गाडीत पत्रा गंजला की दिसतो, फुगतो, ओरडून सांगतो. इथे वरचं अंग गुळगुळीत राहतं आणि आत खारं वारं निवांतपणे आपलं काम करत असतं. चौकोनी पोकळ नळीत ओल शिरली की गंज आतून बाहेर येतो. बाहेर डाग दिसेपर्यंत आतला अर्धा पत्रा संपलेला असतो. त्यात कोणीतरी खालून जळकं ऑईल आणि वर काळा कोट मारलेला होता. आपल्याकडे गंज लागू नये म्हणून जळकं ऑईल सगळेच मारतात, त्यात लबाडी नाही. पण विकायच्या वेळी खालचा काळा रंग ताजा दिसला तर तो का मारलाय हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

गाडी आणल्यावर पहिल्यांदा ती मेकॅनिककडे नेली नाही. मालवणात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा एक जण ओळखीचा आहे, त्याच्याकडे नेली. आमच्या किनाऱ्यावर मॅट, रेझिन आणि जेलकोट, म्हणजे फायबरचं कापड, ते घट्ट करणारा द्रव आणि वरचा गुळगुळीत थर, यांत ज्यांचा हात बसलाय ते लोक गॅरेजमध्ये सापडत नाहीत, बंदरावर सापडतात. त्याने बॉनेटवर बोटांनी टकटक केलं, दोन ठिकाणी आवाज बदलला तिथे खडूने गोल काढले, आणि मग सरळ जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली शिरला. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर मागितला. ड्रायव्हरच्या सीटखालच्या नळीवर मुठीने ठोकलं तर खणखण वाजायच्या ऐवजी पुठ्ठ्यासारखा थप आवाज आला. मग टोक लावून नुसतं दाबलं. टोक आत गेलं. बाहेर काढल्यावर तपकिरी पापुद्रे त्याच्या छातीवर पडले.

"ह्यां वरचां नुसतां कातडां, भाऊ," तो खालूनच म्हणाला. "हाडां आधी बघूक होयी होती."

हाडांचे 68,000 झाले. अंग उतरवायचं, कुजलेला भाग कापायचा, त्याच जाडीची नवी नळी वेल्ड करायची, आतून मेण फवारायचं. यात वेल्डिंगपेक्षा अंग उतरवण्या-चढवण्याची मजुरी जास्त. गंजलेले बोल्ट फिरत नाहीत, तुटतात, आणि जोर लावला तर त्यांच्याभोवतीचं फायबर फाटतं.

बाकीचे आकडे भराभर सांगतो. फायबरची दुरुस्ती आणि रंग 85,000. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, होज आणि क्लच मिळून 41,000. ब्रेक 22,500. वायरिंग 17,000. टायर 18,000. कागदपत्रं 27,000. वेंगुर्ल्याहून फ्लॅटबेडवर आणायचे आणि नंतरच्या एका फेरीचे मिळून 9,000. बेरीज 2,87,500. म्हणजे गाडी पडली 5,27,500 ला. घेताना मी वहीत दुरुस्तीचा अंदाज दीड लाख लिहिला होता. ती वही अजून आहे, बायको अधूनमधून काढून दाखवते.

"चाललीच नाही म्हणजे झिजली नाही" हे वाक्य आता कुठेही ऐकलं की मला हसू येतं. उभ्या गाडीत ब्रेकचे पिस्टन गच्च बसतात, रबरी सील कडक होतात, टाकीतल्या पेट्रोलचा चिकटा होतो, आणि उंदरांना घर मिळतं. माझ्या एअर फिल्टरच्या डब्यात सुपारीच्या सालींचं व्यवस्थित घरटं होतं. बेल्ट तर वरून नवाकोरा दिसत होता. पण रबराचं वय किलोमीटरवर नसतं, वर्षांवर असतं. तो तुटल्यावर इंजिनाचं काय होतं ही परीक्षा घ्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून सुरू करायच्या आधीच बदलला.

इथे एक गोष्ट मला उलटी वाटत होती. परदेशी इंजिन म्हणजे महाग, भागच मिळणार नाहीत, म्हणून त्यापायी मी भाव पाडायचा प्रयत्न केला होता. प्रत्यक्षात हे डी7एफ इंजिन युरोपात रेनॉच्याच क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांमध्ये भरपूर चाललं, त्यामुळे बेल्ट, पंप, गॅस्केट बाहेरून मागवता येतात. जकात बसते, तीन आठवडे लागतात, पण मिळतात. मिळत नाही ते बाकीचं. काच, दिव्याचं भिंग, छताची चौकट, दाराचं बिजागर. थोड्याच बनलेल्या गाडीच्या या वस्तूंना बाजारभाव असा नसतोच. ज्याच्याकडे आहे तो सांगेल तो भाव. माझ्या गाडीचं डाव्या बाजूचं मागचं भिंग तडकलेलं होतं, मी ते हजार रुपयांचं काम धरलं होतं. आठ महिने शोधून शेवटी त्या होडीवाल्यानेच साचा काढून लाल रेझिनमध्ये ओतून दिलं. दिवसा अगदी ओळखू येत नाही, रात्री जरा नारिंगी दिसतं. तेव्हा बिघडलेलं इंजिन असलेली पण पूर्ण गाडी आणि उत्तम इंजिनची पण चार वस्तू गायब असलेली गाडी, यांत मी आता डोळे झाकून पहिली घेईन, आणि तिला जास्त पैसे देईन.

फायबरच्या गाडीचा आणखी एक छुपा खर्च म्हणजे वायरिंग. लोखंडी गाडीत बॅटरीची ऋण बाजू अंगाला जोडतात आणि सगळे दिवे अंगातूनच अर्थ घेतात. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे इथे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर लागते, आणि त्या वायरी सांगाड्यावर जिथे आवळलेल्या असतात तिथे समुद्राची हवा हिरवी भुकटी जमवते. सुरुवातीला मी डावा इंडिकेटर दिला की ब्रेकलाइटही त्याच्या तालावर लुकलुकायचा. मागचा एसटी ड्रायव्हर कुडाळच्या नाक्यापर्यंत हॉर्न मारत आला. एका इलेक्ट्रिशियनने याच रोगावर फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, दोनदा बदलून पैसे घेतले. खरा इलाज म्हणजे चार बोल्ट काढून, घासून, ग्रीस लावून परत बसवणं. 17,000 मधले निदान 6,000 त्या अज्ञानाचे.

कागदांबद्दल नीट सांगतो, कारण तिथे भाव ठरवताना लोक सर्वात ढिले असतात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. माझ्या गाडीचं 2016 ला झालेलं होतं, 2021 ला राहिलं. उशीर झालेल्या प्रत्येक महिन्याला 500 रुपये जास्तीचे लागतात, वर नूतनीकरणाचं शुल्क, पर्यावरण कर आणि एजंट. शुल्क तेव्हा 5,000 होतं. 2025 च्या ऑगस्टपासून 20 वर्षांवरच्या मोटारीला ते 10,000 झालंय, म्हणजे मी थोडक्यात वाचलो. नवी नंबरप्लेट 745 रुपये अधिक जीएसटी, ती त्यातल्या त्यात स्वस्त. आणि "साहेब, ही विंटेज आहे, पुढे सोन्याच्या भावाने जाईल" असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. विंटेज नोंदणीला गाडी 50 वर्षांवरची लागते. ही 2051 ला होईल, मी तेव्हा असेन की नाही कोण जाणे.

पण पैशांपेक्षा मला घाम फोडला तो चेसिस नंबरने. ओरोसला आरटीओत पासिंगला जायच्या आधी एजंट नंबरचा प्रिंट घेतो. नंबरवर कागदाची पट्टी धरायची, शिसपेन्सिल आडवी घासायची, उमटलेल्या आकड्यांवर सेलोटेप मारायची. माझ्या पट्टीवर शेवटचे दोन आकडे उमटलेच नाहीत, तिथे नुसते गंजाचे खड्डे उमटले. पॉलिश पेपर मारायला गेलो तर एजंटने हात धरला. नंबरवर घासकाम दिसलं की खाडाखोडीचा संशय येतो, मग गाडी शोभेची वस्तू होऊन अंगणात राहते. दोन दिवस रॉकेलात भिजवलेलं फडकं ठेवलं, दात घासायच्या ब्रशने चोळलं, तिसऱ्या प्रिंटमध्ये आकडे फिकट का होईना पण वाचता आले. आता कुठलीही जुनी गाडी बघायला जाताना माझ्या खिशात पेन्सिल आणि कागद असतो. नंबर उमटला नाही तर मी भावाची बोलणीच सुरू करत नाही.

मग रास्त भाव किती होता? गेल्या दिवाळीत एका पर्यटकाने गाडी नीट तपासून 4,00,000 ची खरी ऑफर दिली, म्हणजे पैसे द्यायला तयार होऊन. तो आकडा मी गाडीची किंमत धरतो. जाहिरातींतले सात-आठ लाखांचे आकडे मी धरत नाही, त्या गाड्या महिनोन् महिने तिथेच असतात. आता चार लाखांतून सगळे 2,87,500 वजा करायचे का? मला ते विकणाऱ्यावर अन्याय वाटतं. 85,000 च्या रंगकामातले 45,000 ही माझी हौस होती. साधा नीट रंग 40,000 त झाला असता, मला आरशासारखा हवा होता. माझ्या हौसेचा भुर्दंड त्या गृहस्थांनी का सोसावा? ते सोडून उरले 2,42,500. म्हणजे रास्त भाव 1,57,500. मी 82,500 जास्त दिले. यातल्या बहुतेक पैशांचा शोध एका स्क्रूड्रायव्हरने, एका टॉर्चने आणि अर्ध्या तासात लागला असता. वेंगुर्ल्यात त्या दिवशी मी पांढरी पँट घालून गेलो होतो, गाडीखाली झोपायची लाज वाटली.

वेळेचा हिशोब मात्र मला कुठल्याच आकड्यात बसवता आला नाही. अंग उतरवून झालं आणि होडीवाला नाहीसा झाला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, तेव्हाच त्याचा हंगाम. नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांना होडी पाण्यात हवी असते. तशीही पावसाळी दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. माझी गाडी अडीच महिने ताडपत्रीखाली, शेजारी दोन होड्या. किनाऱ्यावर काम करायचं असेल तर ते ऑक्टोबर ते मे मध्येच करायचं, आणि पावसाच्या तोंडावर विकायला आलेली गाडी त्या हिशोबाने स्वस्तच मिळायला हवी.

चालवायला कशी आहे? आंबोली घाटात चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जी मजा येते तिला तोड नाही, आणि रेडिएटर साफ केल्यापासून काटा मध्याच्या वर गेलेला नाही. मायलेज 14 ते 15. गावातले गतिरोधक मात्र तिरकेच घ्यावे लागतात, तरी पोट घासतंच. पावसात कापडी छताच्या डाव्या कोपऱ्यातून बरोबर शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर थेंब पडतो. बायको आता टॉवेल घेऊन बसते.

मागच्या आठवड्यात रत्नागिरीच्या एका मित्राने तिकडच्या दुसऱ्या स्टॉर्मचे 22 फोटो पाठवले. पिवळी, चकचकीत, मागणी 3,80,000. सगळे फोटो वरून काढलेले. मी त्याला सांगितलं, रविवारी जुने कपडे घालून जा आणि जाताना शिसपेन्सिल ने. पेन्सिल कशाला, म्हणून त्याने रात्री फोन केला, तेव्हा हे सगळं एकदा लिहूनच काढावं असं ठरवलं.