जड झालेला गिट रेपो: फिल्टर-रेपो, बीएफजी, एलएफएस की इतिहासाला हातच नको?

लातूर-परभणीकडची चार पोरं मिळून सोयाबीनच्या पानांवरचे रोग ओळखणारं मॉडेल करतायत असं धरा. काम गिटमध्ये, म्हणजे फाइलींचा प्रत्येक बदल इतिहासासकट जपणाऱ्या प्रोग्रामात, ठेवलंय. कुणीतरी फोटोंची झिप आणि ड्रोनची टिफ (मोठी फोटो-फाइल) कमिट करतो, म्हणजे त्या इतिहासात नोंदवतो, आठवड्याने डिलीटही करतो. रेपो, म्हणजे इतिहासासकटचं प्रोजेक्टचं फोल्डर, मात्र तेवढाच जड राहतो. डिलीट म्हणजे फक्त एक नवा कमिट. जुन्या कमिटमध्ये फाइल जशीच्या तशी असते. त्यात झिप बदलली की गिटला बहुतेक वेळा ती अख्खीच पुन्हा साठवावी लागते. खरा त्रास होतो तो गावाकडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला. लाइट गेली, रेंज गेली, क्लोन (रेपोची प्रत उतरवणं) मध्येच तुटला, की सगळं पहिल्यापासून. राहिलं तिथून पुढे गिट घेत नाही.

म्हणून आधी तक्रार काय आहे ते बघा. नुसता क्लोनला वेळ लागत असेल तर इतिहास बदलूच नका. क्लोनच्या कमांडला डेप्थ १ दिली की फक्त शेवटचा कमिट उतरतो. तिलाच ब्लॉब-नन फिल्टर लावला तर कमिटांचा सगळा इतिहास येतो आणि जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हा मागवला जातो. पण त्यासाठी नेट कायम हवं, म्हणून हॉटस्पॉटवाल्याला मी डेप्थ १ च सांगेन.

गिटहब (रेपो ऑनलाइन ठेवायची साइट) १०० एमबीच्या वरची फाइल पुशच करू देत नाही, म्हणजे वर चढवूच देत नाही. ती फाइल शेवटच्या, अजून पुश न झालेल्या कमिटमध्ये असेल तर अमेंड करून (तोच कमिट दुरुस्त करून) काढा, विषय मिटला. खाली कुठेतरी गाडली गेली असेल तर मात्र इतिहास धुवावा लागतो, म्हणजे जुने कमिट नव्याने लिहावे लागतात.

तिथे सामना फिल्टर-रेपो आणि बीएफजी या इतिहास धुणाऱ्या दोन टूलांचा. बीएफजीला जावा लागतं, तो वेगवान आहे आणि 'अमुक एमबीपेक्षा मोठं ते काढ' एवढंच काम असेल तर सोपा. पण फाइल तो नावाने ओळखतो, पाथने (फोल्डरसकटच्या पत्त्याने) नाही. दोन फोल्डरांत data.zip या एकाच नावाच्या दोन झिप असतील आणि एकच काढायची असेल तर तो उपयोगाचा नाही. शेवटच्या कमिटमधल्या फाइलींना तो हात लावत नाही, त्यामुळे फाइल आधी नेहमीसारखी डिलीट करून कमिट करावी लागते. नंतर रिफ्लॉग (जुन्या कमिटांच्या नोंदी) पुसणं आणि जीसी (नको असलेलं साफ करणं) हेही आपणच चालवायचं, नाहीतर डिस्कवर काहीच कमी झालेलं दिसत नाही.

फिल्टर-रेपोला पायथन पुरतं, आणि डेटावर काम करणाऱ्यांकडे ते असतंच. पाथ देता येतो, आकाराची मर्यादा देता येते, साफसफाई तो स्वतः करतो. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो अ‍ॅनालाइझ: काहीही न बदलता कुठल्या पाथने किती जागा खाल्ली याची यादी देतो. ताजा क्लोन नसेल तर तो काम नाकारतो आणि शेवटी ओरिजिन (सर्व्हरवरच्या रेपोचा पत्ता) काढून टाकतो, म्हणजे चुकून पुश होत नाही. माझं मत सरळ फिल्टर-रेपोला. गिटसोबतच येणारं जुनं फिल्टर-ब्रँच विसरा, गिटचं स्वतःचं मॅन्युअलच आता त्याच्याऐवजी दुसरं काही वापरा म्हणतं.

टिफ पुढेही लागणारच असतील तर एलएफएस, म्हणजे मोठ्या फाइली रेपोबाहेर वेगळ्या ठेवायची सोय. त्याचं मायग्रेट इम्पोर्ट जुन्या कमिटांतही फाइलीच्या जागी छोटा पॉइंटर ठेवतं. साठवण आणि डाउनलोडचा कोटा मात्र वेगळा मोजला जातो.

पुश झालेला इतिहास यातल्या कशानेही बदलला तरी बदललेल्या पहिल्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश (कमिटांचे ओळख-क्रमांक) बदलतात. फोर्स पुश (सर्व्हरवरचा जुना इतिहास हटवून नवा बसवणं) करावा लागतो आणि प्रत्येकाने नवा क्लोन घ्यायचा. एकाने जरी जुन्या क्लोनमधून मर्ज करून पुश केलं तर काढलेली झिप परत येते. गिटहबवर जुन्या पुल रिक्वेस्टमध्येही (बदल सामील करा म्हणून केलेली विनंती) ते जुने कमिट अडकून राहतात. ते सपोर्टला सांगूनच निघतात. चौघांची टीम असेल तर एका संध्याकाळी सगळ्यांचं काम पुश करून घ्या, मिरर क्लोनचा (सगळ्या ब्रँचसकट हुबेहूब प्रतीचा) बॅकअप ठेवा आणि उरकून टाका. बाहेरच्यांनी भरपूर फोर्क केलेला (स्वतःच्या प्रती काढलेला) सार्वजनिक रेपो असेल तर मी इतिहास धुणार नाही. जुना आर्काइव्ह करून नवा सुरू करेन.