मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल: आईसाठी घेतलं, वाचतोय मीच

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या एका छोट्या दुकानातून मागच्या महिन्यात घेतलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून मोठा टाइप हवा होता. अक्षर एकदम मस्त, पण कागद इतका पातळ की मागचं छापलेलं पुढे दिसतं आणि कव्हरची चेन तर दुसऱ्याच रविवारी अडकली, दुकानदाराला सांगितलं तर म्हणे मेणबत्ती घासा 😄

खरी कामाची गोष्ट म्हणजे पानाखाली दिलेले संदर्भ, म्हणजे त्याच विषयावरची दुसरी वचनं कुठे आहेत ते. मत्तय 8 मधला शताधिपती (शंभर शिपायांवरचा रोमन अधिकारी) काढला, त्याचा चाकर आजारी, तर तो येशूला म्हणतो प्रभू तुम्ही घरी येऊ नका नुसता शब्द बोला, तो बरा होईल, कारण हुकूम म्हणजे काय ते त्याला स्वतःला माहीत, वरच्याचा ऐकायचा आणि खालच्याला द्यायचा. देवळाली कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत वाढलेल्याला हे लगेच कळतं. तिथून संदर्भ धरत मार्क 1:27, भुतंसुद्धा येशूचा हुकूम ऐकतात, मग थेट मत्तय 28:18, स्वर्गात आणि पृथ्वीवर सगळा अधिकार येशूकडे. आणि मी इतकी वर्षं प्रार्थना म्हणजे ऑफिसात अर्ज टाकल्यासारखी करायचो, मंजूर होतोय का बघू टाइप.

लूक 10 मध्ये तर शिष्यांना अधिकार दिल्यावर येशूच सांगतो की भुतं ऐकतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलीत त्याचा माना. माइकवर ओरडून भुतं काढणारे आमचे काही ब्रदर हे कसं विसरतात काय माहीत.

चेनसाठी एक स्टार कापला. आईला दुसरी प्रत आणावी लागणार, ही मी देत नाही आता.