युरिया-प्रक्रिया केलेला पेंढा : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

म्हशींसाठी युरियाचे पाणी शिंपडून झाकून ठेवलेला आणि नुकताच उघडलेला भाताच्या पेंढ्याचा ढीग वरून हातभर बुरशीने माखलेला निघाला आणि तेवढा सगळा चारा टाकून द्यावा लागला. युरियाचे प्रमाण बरोबर होते, दिवसही पुरे झाले होते. बिघाड होता तो वर पसरलेल्या पॉलिथिनच्या कागदात. जाड आणि उन्हात टिकणारा म्हणून विकलेला हा कागद घडीच्या रेघांवर बारीक तडकला होता आणि विक्रेत्याने तो बदलून देण्यास साफ नकार दिला. १०० किलो वाळल्या पेंढ्याला ४ किलो युरिया, सुमारे ५० लिटर पाणी आणि २१ दिवस झाकण हे प्रमाण आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे, पण झाकणाविषयी कोणी चार वाक्येही सांगत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ओलसर पेंढ्यातील सूक्ष्मजीवांचे युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो लिग्निनने (काडीला कडकपणा देणाऱ्या, न पचणाऱ्या घटकाने) जखडलेले तंतू सैल करतो. उष्ण हवेत ही क्रिया चांगल्या वेगाने होते. हाच अमोनिया बुरशीलाही रोखून धरतो. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे कागदाला वरच्या बाजूने सुईएवढी भोके पडली तरी तेथून निसटत राहतो आणि मग मागे उरतो तो केवळ भिजवलेला पेंढा, ज्यावर बुरशी न वाढली तरच नवल. बुरशी लागलेल्या भाताच्या पेंढ्यामुळे म्हशींना देगनाला हा आजार होतो, शेपटी, कानांची टोके आणि खुरांजवळचा भाग कुजू लागतो. त्यामुळे असा चारा वाळवून किंवा चांगल्यात मिसळून वापरण्याचा मोह काटकसरीच्या माणसानेही धरू नये. आता मी कागद पसरण्यापूर्वी उजेडाकडे धरून तपासतो, त्याच्या कडा मातीखाली दाबतो, पेंढा तुडवून आतली हवा काढतो आणि वरून जुनी पोती घालतो, म्हणजे ऊन व उंदीर दोन्हींपासून बचाव होतो.

बाकीचा अनुभव मात्र समाधानाचा आहे. सुरुवातीला म्हशींनी वास घेऊन तोंड फिरवले, तेव्हा हा चारा त्यांच्या पसंतीचा नाही असे माझे मत झाले होते. ते टिकले नाही. रोजच्या गरजेपुरता पेंढा आदल्या संध्याकाळी काढून रात्रभर पसरून ठेवला की उग्र वास जातो, आणि थोडा-थोडा वाढवत दिला की आठवड्याभरात गव्हाण रिकामी होऊ लागते. साध्या पेंढ्याची जाड काडी त्या नेहमी मागे टाकत. आता तीही खातात. साध्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात, प्रक्रियेनंतर हे प्रमाण ७ ते ८ टक्क्यांच्या आसपास जाते. कोठीपोटातील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीवांना काम करण्यासाठी साधारण एवढ्या प्रथिनांइतके नत्र लागते. मुळात म्हैस भरड चारा चांगला पचवते, त्यामुळे हा खर्च तिच्या बाबतीत अधिक सत्कारणी लागतो असे मला वाटते.

दुधाच्या बाबतीतही मत बदलावे लागले. पहिल्या महिन्यात दूध किंचित वाढलेले पाहून पेंड बरीच कमी करता येईल असा माझा हिशोब होता, पण जास्त दूध देणाऱ्या म्हशीला ते झेपले नाही. तिची पेंड मी पूर्ववत केली आणि थोडा हिरवा चाराही चालू ठेवला. याउलट भाकड म्हशी आणि वाढत्या रेड्या यांची तब्येत प्रक्रिया केलेला पेंढा, खनिज मिश्रण आणि थोडा पाला यांवर चांगली राहिली. खनिज मिश्रण वगळू नये, कारण भाताच्या पेंढ्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कुट्टी फार बारीक करण्यात अर्थ नाही. रवंथासाठी काडीला लांबी हवी, दोन-तीन सेंटिमीटर पुरे.

युरिया पूर्ण विरघळलेलाच असावा, खडे राहिले तर विषबाधेची भीती असते, आणि युरियाचे पाणी उघड्या बादलीत जनावरांच्या आसपास कधीही ठेवू नये. सहा महिन्यांखालील पारडांना हा चारा मी देत नाही, कारण त्यांचे कोठीपोट तयार झालेले नसते. त्यांच्यासाठी कोवळा हिरवा चारा वेगळा राखतो.