डॅशकॅम कुठला आणि कुठे: समोरचं किती झाकलं जातं?

डॅशकॅम, म्हणजे गाडीतून समोरच्या रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा, घेताना आपण आधी रेझोल्युशन बघतो, मग रात्रीचं चित्रण कसं येतं ते, मग मेमरी कार्ड केवढं लागेल ते. कॅमेरा काचेवर नेमका कुठे बसणार आणि त्याच्या पलीकडचं काय झाकलं जाणार, हा प्रश्न बहुतेक वेळा डबल टेपचा कागद सोलून झाल्यावर पडतो. माझंही तसंच झालं. पहिला कॅमेरा घेतला तो मागे मोठी स्क्रीन असलेला, सक्शन कपवर लटकणारा. आरशाच्या शेजारी, माझ्या बाजूला लावला, कारण स्क्रीन नीट दिसायला हवी होती. आठवडाभरात लक्षात आलं की थांबरेषेवर पहिली गाडी माझी असेल तर सिग्नलचा दिवा बघायला मला मान वाकवावी लागते. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "कॅमेरा? तो तर पार वर छताला आहे." ती माझ्याहून बरीच बुटकी. गाडी तीच, कॅमेरा तोच. तिला तो छताला टेकलेला दिसत होता आणि मला सिग्नलवर बसलेला.

तेव्हापासून मला "डॅशकॅम आडवा येतो का?" हा प्रश्नच अर्धा वाटतो. कोणाच्या डोळ्यांना, कुठल्या सीटवरून, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि "सवय होते हो" हे उत्तर तर मुळीच नाही. सवय होते ती खुपण्याची, झाकलं गेलेलं त्याने उघडं पडत नाही.

रुंदीचा हिशेब

कॅमेऱ्यांची तुलना करताना एक आकडा मनात ठेवा: ६.५ सेंटीमीटर. मोठ्या माणसाच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण एवढं असतं. वस्तू त्याहून अरुंद असेल तर दूरचा कुठलाही बिंदू निदान एका डोळ्याला तरी दिसतोच. तर्जनी नाकासमोर हातभर अंतरावर धरा आणि समोरच्या भिंतीकडे बघा. बोट पारदर्शक झाल्यासारखं वाटतं, त्याच्या आरपार भिंत दिसते. आता तिथेच मोबाइल आडवा धरा. भिंतीचा एक तुकडा सरळ गायब होतो.

कॅमेरा डोळ्यांपासून ७० सेंटीमीटरवर आहे असं धरून गणित करून बघू. ५ सेंटीमीटर रुंदीचा कॅमेरा दोन्ही डोळ्यांपासून मिळून जे लपवतो, ते डोळ्यांपासून साधारण तीन मीटरवरच संपतं. म्हणजे बहुतेक गाड्यांत बॉनेटच्या टोकाच्या थोडं पुढे. त्यापलीकडे पूर्ण झाकलेलं असं काही उरत नाही. कॅमेरा १० सेंटीमीटर रुंद असेल तर चित्र उलटं होतं. जितकं लांब बघाल तितका झाकलेला पट्टा रुंद होत जातो आणि २० मीटरवर तो एक मीटरच्या थोडा वर जातो. एक मीटरमध्ये चालणारा माणूस मावतो, समोरून येणारी दुचाकीही मावते. रुंदी दुप्पट झाली म्हणून अडथळा दुप्पट होत नाही, अडथळ्याची जातच बदलते.

याला दोन अपवाद आहेत. एका डोळ्याने कमी दिसत असेल तर अरुंद कॅमेऱ्याचा हा फायदा मिळत नाही. तुमच्यासाठी जागा निवडणं हे कॅमेरा निवडण्याइतकंच महत्त्वाचं. आणि हा सगळा हिशेब आडवा आहे. डोळे शेजारी शेजारी असतात, एकावर एक नाही. म्हणून लांबट कॅमेरा लावायचाच तर तो उभा बसणारा बरा.

समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांशी ताडून बघितलं की याचं वजन कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाचा वाहननियम क्रमांक १२५ सांगतो की काचेच्या कडेच्या प्रत्येक खांबाने, दोन्ही डोळे धरून, ६ अंशांपेक्षा जास्त कोन झाकू नये. आपला १० सेंटीमीटरचा कॅमेरा त्याच मोजणीने ३ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे गाडी बनवणाऱ्याने जिथे मुद्दाम मोकळी काच ठेवली, तिथे आपण अर्धा खांब उभा करतो.

आरशामागचा छोटा कॅमेरा की स्क्रीनवाला लटकता?

बिनस्क्रीनचा, काचेला चिकटून बसणारा छोटा कॅमेरा या बाबतीत सरळ जिंकतो. आतला आरसा आधीच काही भाग झाकतो. त्याच्या सावलीत दुसरी वस्तू ठेवली तर नवीन काही झाकलं जात नाही.

मात्र ही सावली कुठे पडते ते नीट बघा, लोक इथेच चुकतात. आरसा काचेला चिकटलेला नसतो, थोडा आत लटकतो, आणि तुम्ही त्याच्याकडे एका बाजूने बघता. त्यामुळे तुमच्या डोळ्यांसाठी त्याची सावली काचेवर बरोबर मागे पडत नाही, शेजारच्या सीटच्या बाजूला सरकलेली असते. आरशाच्या दांड्यामागे अगदी मधोमध चिकटवलेल्या कॅमेऱ्याची कड म्हणूनच चालकाला आरशाबाहेर डोकावताना दिसते. चार बोटं पलीकडे चिकटवला असता तर दिसलाच नसता.

त्या जागेच्याही अडचणी आहेत. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत तिथे लेन ओळखणारा कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर बसलेला असतो. त्यांच्यासमोर काहीही येता कामा नये, म्हणून त्या डब्याच्या कडेला, शेजारच्या सीटच्या बाजूला जागा शोधावी लागते. काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावर टेप नीट धरत नाही. आणि चालकाला अजिबात नको म्हणून कॅमेरा पार वर सारला, तर तो वायपर पोचतो त्या भागाबाहेर जातो. मग पावसात सगळं चित्रण थेंबांचं. झाकायचंही नाही आणि वायपरच्या टापूतही राहायचं, या दोन अटींमध्ये उरते ती तळहाताएवढी जागा.

स्क्रीनवाल्या कॅमेऱ्याची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल: अपघातानंतर जागच्या जागी चित्रण दाखवता येतं, आणि कॅमेरा चालू आहे की नाही ते कळतं. दोन्ही गोष्टी गाडी उभी असतानाच्या. चालत्या गाडीत ती स्क्रीन बघायचं काहीच कारण नाही, पण ती दिसावी म्हणून आपण कॅमेरा नजरेच्या वाटेत आणून ठेवतो. शिवाय सक्शन कपचा दांडा त्याला काचेपासून दूर, तुमच्या जवळ आणतो, आणि जवळ आलेली वस्तू जास्त झाकते. हाच प्रकार हवा असेल तर दांडा छोटा घ्या आणि स्क्रीन मिनिटाभरात आपोआप बंद होईल अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करा. रात्री काळोखाला सरावलेल्या डोळ्यांसमोर हलतं, उजळ चित्र असणं हा झाकण्याहून वेगळा त्रास आहे, पण परिणाम तोच: पलीकडचं अंधुक दिसतं.

आरशावर बसणारा कॅमेरा

हा प्रकार बघताक्षणी पटतो. आरसा आहेच, त्याच्यावर रबरी पट्ट्यांनी दुसरा आरसा बसवला, त्यातच कॅमेरा आणि मागचं चित्र दाखवणारी स्क्रीन. काच मोकळी राहते, हे खरंच. पण यातले बरेच मूळ आरशापेक्षा लांब असतात, आणि ती वाढीव लांबी दोन्ही बाजूंना बाहेर येते, म्हणजे चालकाच्या बाजूलाही. उंच माणसाच्या बाबतीत नेमका तोच भाग रस्त्याच्या पातळीला येतो. वजनाने आरसा हळूहळू खाली झुकणं आणि खडबडीत रस्त्यावर थरथरणं हे वेगळंच.

यात मला खटकलेली गोष्ट मात्र दुसरीच आहे. आरशात मागची गाडी बघताना डोळा लांबवर रोखलेला असतो, कारण प्रतिबिंब आरशाच्या पलीकडे तितक्याच अंतरावर असतं. स्क्रीनवर तीच गाडी बघताना डोळ्याला हातभर अंतरावरच्या सपाट काचेवर यावं लागतं आणि मग परत रस्त्यावर जावं लागतं. पंचविशीत हे कळतही नाही. चाळिशीचा चष्मा लागलेल्याला प्रत्येक वेळी कळतं. मी एका मित्राच्या गाडीत तासभर हा आरसा वापरला आणि शेवटी स्क्रीन बंद करून साधा आरसा म्हणूनच बघत राहिलो. तसा तो मूळ आरशाहून काळपट दिसतो.

मागच्या सीटवर सामान छतापर्यंत भरलेलं असतं, किंवा मागची काच फार लहान आहे, अशांनी हा जरूर घ्यावा. त्यांना आरशात तसंही काही दिसत नसतं. बाकीच्यांनी आधी कोणाच्या तरी गाडीत वापरून बघावा.

डॅशबोर्डवर ठेवला तर?

नको. वर लटकणारा कॅमेरा निदान आकाश आणि झाडांचे शेंडे झाकतो, डॅशबोर्डवरचा थेट गाडीपुढचा रस्ता झाकतो, जिथे लहान मूल किंवा कुत्रं असू शकतं. दिवसा त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं. चित्रणातही अर्ध्या भागात बॉनेट आणि काचेतली चमक येते. शेजारच्या सीटची एअरबॅग अनेक गाड्यांत डॅशबोर्डच्या माथ्यातूनच उघडते; तिच्या झाकणावर कॅमेरा चिकटवणं म्हणजे तो कोणाच्या तरी तोंडावर भिरकावण्याची तयारी करून ठेवणं.

नियम काय धरतात

देशोदेशी नियम वेगळे, आणि आपला तो आपण बघून घ्यावा. पण काही ठिकाणचे आकडे मोजपट्टी म्हणून कुठेही उपयोगी आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा कायदा घटना टिपणाऱ्या कॅमेऱ्याला काचेवर तीनच जागा देतो: शेजारच्या सीटकडचा खालचा कोपरा, ७ इंच चौरसापर्यंत, चालकाकडचा खालचा कोपरा, ५ इंच चौरस आणि एअरबॅगच्या वाटेबाहेर, आणि वर मधोमध ५ इंच चौरस. ट्रक-बससाठीच्या तिथल्या केंद्रीय नियमात २०२२ साली बदल झाला. वायपरच्या टापूच्या वरच्या कडेपासून २१६ मिलीमीटर खालपर्यंत उपकरण लावायला आता मुभा आहे, पण चालकाच्या नजरेच्या रेषेत ते येता कामा नये ही अट आहेच. ट्रकची काच उंच आणि बरीचशी उभी असते. छोट्या गाडीत वरून २१६ मिलीमीटर खाली आलात तर थेट रस्त्यावर पोचाल, तेव्हा तो आकडा उचलून आपल्याला लावू नका.

ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीतली कल्पना मला जास्त आवडते. स्टिअरिंगच्या मध्यावर २९० मिलीमीटर रुंदीचा उभा पट्टा धरायचा. वायपरच्या टापूतल्या त्या पट्ट्यात काचेला १० मिलीमीटरहून मोठी इजा चालत नाही, इतरत्र ४० पर्यंत चालते. टेप घेऊन स्टिअरिंगच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेचौदा सेंटीमीटर मोजा. त्या पट्ट्यात कॅमेरा तर सोडाच, वायरही येऊ देऊ नका.

वायरीचं तेवढंच सांगतो. लोंबती वायर झाकत काही नाही, पण हलते, आणि हलणारी वस्तू नजर ओढते. छताच्या कडेत दाबून खांबातून खाली न्या. खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे, तिच्यावरून नाही. हे जमत नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या.

चिकटवण्याआधी

कॅमेऱ्याच्या मापाचा पुठ्ठा कापा. जाडीही धरा, नुसता कागद फसवतो. रंगकामाच्या कागदी टेपने तो ठरवलेल्या जागी लावा, सीट आणि आरसा रोजच्यासारखे ठेवा आणि सीटबेल्ट लावून बसा. गाडीपासून वीस पावलांवर कोणाला तरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सावकाश चालायला सांगा. डोकं हलवू नका. तो माणूस पुठ्ठ्यामागे पूर्ण दिसेनासा झाला, अगदी क्षणभर जरी, तर पुठ्ठा दोन बोटं शेजारच्या सीटकडे सरकवा आणि त्याला पुन्हा चालवा. मग त्यालाच वर हात करून उभं करा, सिग्नलची उंची बघायला. गाडी दोघं चालवत असाल तर दुसऱ्यालाही बसवा. आमच्याकडे पुठ्ठा तिसऱ्या जागी गेल्यावर दोघांचं एकमत झालं. बायकोला तो तिथूनही दिसत नव्हता, आणि तोपर्यंत मलाही दिसेनासा झाला होता.