स्टेडियमवर न्यायची घडीची खुर्ची: एक अख्खा फुटबॉल सीझन वापरून झाल्यावर

डिसेंबर ते मे. म्हणजे कोल्हापूरचा एक पूर्ण फुटबॉल सीझन आणि वर दोन कुस्ती मैदानं. एवढा वापर झाल्यावर लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, जानेवारीत लिहिलं असतं तर खुर्ची फुकट कुणाला पाहिजे का म्हणून विचारलं असतं.

वस्तू अशी आहे: लोखंडी पाइपचा सांगाडा, त्यावर काळं जाड कापड, बुडाखाली 7 सेंटिमीटरचा फोम, मागं दीड फुटाची पाठ. घडी घालून खांद्याला अडकवायला पट्टा. वजन आमच्या घरच्या काट्यावर 2 किलो 800 ग्रॅम भरलं. मुलगा बॉस्टनला असतो, त्यानं येताना आणली. मी 35 वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहून काढली, त्याची वसुली आता कंबर करते. डॉक्टर म्हणाले, पायरीवर बसणं बंद. मी म्हटलं, साहेब, पायरी बंद म्हणजे मॅच बंद, ते काही जमायचं नाही. त्यावर घरात निघालेला हा तोडगा.

आधी बांधणीबद्दल. सीटच्या खाली पुढच्या बाजूला एक हूक आहे. अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या मैदानांवर फळीचे बाक असतात, त्या फळीखाली हा हूक अडकवायचा, म्हणजे पाठीवर रेललं तरी खुर्ची मागं कलंडत नाही. आपल्याकडं सलग सिमेंटची पायरी. अडकवणार कशाला? पहिल्या मॅचला शाहू स्टेडियमवर हूक पायरीवर टेकून खुर्ची अशी डुगडुगली की गोल झाला तेव्हा मी दोन्ही हातांनी पाइप धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी जुन्या शॉपमध्ये नेली, ग्राइंडरनं हूक उडवला, चार कोपऱ्यांना रबरी बुश बसवले. वीस मिनिटांचं काम, चहावर झालं.

त्यानंतर बसायला मात्र झकास. एप्रिलमधल्या दुपारच्या मॅचला पायरी तव्यासारखी तापलेली असते. जुने लोक त्यासाठी पोतं नाहीतर वर्तमानपत्र घेऊन येतात, पण पेपरची दहा मिनिटांत भट्टी होते. फोममधून धग वर येत नाही. काळं कापड तेवढं तापतं, वर पांढरा टॉवेल टाकला की भागतं. मार्चमध्ये पट्ट्याची शिलाई उसवली, आमच्या कोपऱ्यावरच्या चांभारदादांनी तीस रुपयांत अशी शिवून दिली की कंपनीच्या शिलाईपेक्षा ती आता जास्त भरवशाची आहे.

खरी भानगड बसण्यात नव्हतीच. मागं होती.

तिसऱ्या मॅचला मागून एका पोरानं खांद्याला बोट लावलं. "काका, तेवढी पाठ पाडा की खाली. कॉर्नर दिसंना झालाय." मी पाठ पाडली. पाच मिनिटांनी परत, "काका, आता गुडघ्यात घुसाय लागलीय." बरोबरच होतं त्याचं. पाडलेली पाठ त्याच्या पायरीवर जाते. त्यानं पाय कुठं ठेवायचे? मी म्हटलं, बाबा, कंबर दुखते. तो म्हणाला, "मग आमची मान दुखू दे व्हय?" आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो, पण आतून चरफडलो. चाळीस डॉलरची खुर्ची आणि आपणच आरोपी.

घरी येऊन मोजमाप केलं, सवयच ती. स्टेडियम बांधणारे एक हिशेब धरतात: मागच्या माणसाच्या डोळ्यापासून मैदानाच्या जवळच्या कडेपर्यंत रेष ओढली, तर ती पुढच्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीपेक्षा साधारण 9 सेंटिमीटर वरून जायला पाहिजे. 12 मिळाले तर उत्तम, 6 म्हणजे माना वाकड्या करून बघणं. पायऱ्यांची उंची त्यावरून ठरते. आता मी 7 सेंटिमीटर फोमवर चढून बसलो. म्हणजे मागच्या पोराच्या वाट्याचे 9 सेंटिमीटर होते, त्यातले 7 मी खाल्ले. ते पोरगं उगाच कुरकुरत नव्हतं, त्याच्या खिशातून पैसे काढल्यासारखंच होतं ते.

हे बघताना मला बॉस्टनचं बेसबॉलचं मैदान, फेनवे पार्क, आठवलं. गेल्या उन्हाळ्यात मुलाकडं होतो तेव्हा तीनदा गेलो होतो. बेसबॉल मला तोवर ओ की ठो कळत नव्हता. मैदान 1912 सालचं. आमचं कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदानही 1912 चंच, हे मी मुलाला तिथंच सांगितलं तर तो म्हणाला, पप्पा, इथं पण खासबाग? पण सांगायचं ते वेगळंच. त्या मैदानात छताला आधार म्हणून लोखंडी खांब आहेत, आणि काही खुर्च्या थेट खांबामागं येतात. अशी तिकिटं तसं स्पष्ट सांगून विकतात. लाकडी खुर्च्या अरुंद, माझे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकत होते. आरामाच्या नावानं ठणठणाट. तरी लोक जीव टाकतात त्या जागेवर.

कारण बसल्यावर हळूहळू लक्षात आलं. मैदान रस्त्यांच्या मध्ये कोंबलेलं आहे, अगदी पेठेतल्या घरासारखं, जागा मिळेल तसं वाढवलेलं. डावीकडं जागाच नाही, बॅट फिरवणाऱ्यापासून 310 फुटांवर हद्द संपते. मग एवढ्या जवळून कुणीही चेंडू बाहेर घालवेल म्हणून तिथं 37 फूट उंच हिरवी भिंत. त्या भिंतीत हातानं पाट्या बदलायचा स्कोअरबोर्ड, आत माणूस बसलेला. जागा कमी म्हणून सीमेबाहेरची मोकळी पट्टीही चिंचोळी, आणि म्हणून खुर्च्या खेळाडूंच्या इतक्या जवळ की बॅटचा आवाज छातीत बसतो. उजवीकडं वर हिरव्या खुर्च्यांच्या रांगांत एकच लाल खुर्ची आहे. 1946 मध्ये बॉस्टनच्याच संघातल्या टेड विल्यम्सनं मारलेला चेंडू तिथं 502 फुटांवर जाऊन एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर आदळला होता. टोपीला भोक पडलं म्हणतात. फटका टेड विल्यम्सचा, पण खुर्ची रंगवली ती बघणाऱ्याची. मला हे फार आवडलं.

आणि त्या खेळात वेळ भरपूर. 2023 पासून चेंडू टाकणाऱ्याला घड्याळ लावलंय, बेसवर, म्हणजे पळताना थांबायच्या ठिकाणांवर, कुणी नसलं तर 15 सेकंदांत टाकायचा, तरी एक मॅच अडीच तास घेतेच. मधल्या वेळात शेजारचा म्हातारा कागदावर पेन्सिलनं प्रत्येक चेंडू टिपत होता. खेळाडू तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीनदा चेंडू हुकवून किंवा चांगला चेंडू सोडून, बाद झाला की इंग्रजी के (K) लिहायचा, आणि बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून बाद झाला की तेच के उलटं. उलट्या केची गंमत त्यानं मला हातवारे करून समजावली. त्याच्याशिवाय मी तीन तास नुसती माणसं मोजली असती.

इकडं तसं नाही. नव्वद मिनिटं, आणि मोठ्या पडद्यावर परत दाखवायची भानगड नाही. शेंगदाण्याची पुडी सोडायला मान खाली घातली आणि गोल झाला तर तो गेला. मग शेजारचा सांगतो. पाटाकडील-दिलबहार असली, दोन जुन्या तालमींच्या संघांची मॅच असली तर दोन शेजारी दोन वेगवेगळे गोल सांगतात, एक ऑफसाइड, एक चोख. मधल्या वेळात पेठांची उणीदुणी, कोण कुठल्या तालमीतून कुठं गेला, आणि 2017 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्डकपला आपला अनिकेत जाधव भारताकडून उतरला तेव्हा कोण कुठं बसून बघत होतं, याची शंभरावी उजळणी. मला मात्र खुर्चीच्या पाठीत बसल्यावर हे ऐकूच येईना. दोन्ही बाजूंचे पाइप शेजाऱ्यांच्या कोपराला लागायचे, म्हणून ते वीतभर सरकून बसायचे. सगळ्या पायरीवर मी एकटा साहेब.

खासबागला तर खुर्ची उघडलीच नाही. शाहू महाराज 1902 मध्ये विलायतेला गेले, तेव्हा रोमचं जुनं गोल प्रेक्षागृह बघून आले आणि त्यावरून हे मैदान केलं असं सांगतात. मध्ये लाल मातीचा हौदा, भोवती वर चढत गेलेला उतार. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. खांब नाही, छत नाही. हलगी कडाडली की सगळा उतार एकदम पुढं कलतो. तिथं पाठ टेकून बसलेला माणूस मी आजवर बघितला नाही. काटा जोड, म्हणजे तोडीस तोड पैलवानांची कुस्ती, लागलेली असताना कोण रेलतो? मी खुर्ची मांडीवर घेऊन बसलो. निघताना एकानं विचारलं, "तबला हाय काय यात?" भेळ खाऊन घरी आलो.

फेब्रुवारीत निर्णय घेतला. पाठ काढली. दोन नट, दोन पिन, बास. फोमचाही वरचा थर कापून 3 सेंटिमीटर ठेवला. आता मागच्याला 6 सेंटिमीटर तरी उरतात, आणि कमरेला धग आणि टणकपणा दोन्ही लागत नाही. पाठीचं काय? खरं सांगू का, फुटबॉलला मी पाठ टेकतच नव्हतो. सहा मॅचमध्ये टेकली असेल ती हाफ टाइमला. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, पंधरा-वीस मिनिटांनी उठून उभे राहत जा, तेच जास्त महत्त्वाचं. ते तर आमची पेठ आपोआप करून घेते.

एक वाईट अनुभवही सांगतो. जवळच्याच एका तालुक्याच्या ठिकाणी फायनल बघायला गेलो होतो. नाव घेत नाही. मंडपातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बसायला एकदम आरामशीर, आणि सगळ्या सपाट जमिनीवर एका पातळीत. तिसऱ्या रांगेपासून मागं सगळे खुर्च्यांवर उभे. प्यायला पाणी नाही, बाहेर पडायला एकच फाटक. सुटल्यावर त्या फाटकात वीस मिनिटं गर्दीत दाबले गेलो, एक लहान पोरगी रडत होती, तिला तिच्या बापानं डोक्यावर धरलं होतं. त्या दिवशी माझी सुधारलेली खुर्ची काखेत होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. तेव्हापासून कुठल्याही मैदानावर गेलो की बसायच्या आधी बाहेर जायच्या वाटा मोजतो.

आता हिशेब. सांगाडा मजबूत, सहा महिन्यांत कुठं गंज नाही, त्याचे पूर्ण मार्क. शिलाई कच्ची. हूक आपल्याकडं निरुपयोगी, उलट धोक्याचा, कारण डुगडुगतं. पाठ पायरीवर वापरूच नका, मागच्याचे शिव्याशाप लागतात. तुमच्याकडं कुणी परदेशातून आणत असेल तर नुसती गादी मागवा, किंवा ते तरी कशाला, गादीवाल्याकडून दीड फूट बाय सव्वा फुटाची पातळ गादी शिवून घ्या, वर बारदान लावून. मी नातवासाठी तशीच करून घेतली.

ते मागचं पोरगं आता माझ्या शेजारी बसतं. पाय लांब करायला जागा मिळते म्हणून, असं तो म्हणतो. शेवटच्या मॅचला त्यानं गादीचा अर्धा भाग मागितला नाही, सरळ घेतला. सुटी केलेली पाठ सध्या गॅलरीत आहे, हिनं त्यावर सांडगे वाळत घातलेत.