कोन सेट आवळायचा, बदलायचा की टेपर रोलर बसवायचा?

पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली ‘टक्’ वाजतं. गॅरेजात ठरलेलं उत्तर: "कोन सेट गेला, नवा टाकू." कोन सेट म्हणजे बाईकचं हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग: वर-खाली वाट्या आणि त्यांत पोलादी छर्रे. कधी तो खरंच गेलेला असतो, पण बरेचदा नुसता ढिला असतो. खिशात हात घालण्याआधी दहा मिनिटं स्वतः तपासा.

गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा. समोर बसून दोन्ही शॉकअप खालून धरा आणि मागे-पुढे हलवा. खटखटलं तर कोन ढिला. (शॉकअपचे बुश झिजले तरी असंच वाटतं, म्हणून कुणाला तरी हँडलखालच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा, हालचाल तिथेच लागली पाहिजे.) मग हँडल एका बोटानं हळूहळू या टोकापासून त्या टोकाला न्या. चाक सरळ येताच अडकल्यासारखं झालं, तर वाटीत खाचा पडल्यात. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. छर्रे त्याच जागी बसून खड्ड्यांचे दणके खातात आणि तिथलं ग्रीस बाजूला दबून जातं.

वाटीत खाच नसेल तर आवळणं पुरतं. सी-पान्यानं (सी आकाराचा, नटाच्या खाचेत अडकणारा पाना) खाचांचा नट थोडा थोडा फिरवायचा, वरचा नट कसल्यावर पुन्हा तपासायचं, कारण कसताना ताण वाढतो. छिन्नी-हातोडा उचलणाऱ्याला तिथेच थांबवा. जास्त आवळलेला कोन मला ढिल्यापेक्षा वाईट वाटतो: आवाज येत नाही, पण हळू चालवताना गाडी नागमोडी जाते आणि ट्रॅफिकमध्ये तोल सावरून मनगटं दुखतात.

वाटीत खाच असेल तर आवळू नका. मधला ढिलेपणा काढला की वळताना हँडल जाम होतं. बदलायचाच, तोही वरच्या-खालच्या वाट्यांसकट. जुन्या वाटीत नुसते नवे छर्रे टाकणं म्हणजे महिन्या-दोन महिन्यांची सोय.

आता छर्रे की टेपर रोलर, म्हणजे छर्‍यांऐवजी निमुळते रोलर असलेलं बेअरिंग? छर्रा वाटीला बिंदूवर टेकतो, रोलर रेषेवर. दणका जास्त जागेत वाटला जातो, म्हणून खाच उशिरा पडते. पण सेट महाग, खालची रिंग हँडलच्या दांड्यावर नीट ठोकून बसवावी लागते, आणि उंचीत फरक असला तर वॉशरची जुळवाजुळव आली. १००-१२५ सीसीवर रोज ऑफिसला जाणाऱ्यानं छर्‍यांचाच सेट घ्यावा. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचा त्यावर हात बसलेला असतो. जड गाडी, डबल सीट, सामान आणि खराब रस्ते असतील तर टेपर रोलरचे पैसे वसूल होतात. मात्र तो आधी बसवलेला माणूस शोधा. कुठलाही नवा सेट पाचशे-हजार किलोमीटरनंतर थोडा बसतो, तेव्हा पुन्हा आवळून घ्या.

आणि तक्रार ‘टक्’ची नसून वेग कमी होताना हँडल थरथरण्याची असेल, तर कोनाबरोबरच टायरची हवा, टायरची वाकडी झीज आणि रिमचा आऊट (रिम वाकडी फिरते का) बघा. हवा तपासायला पैसे पडत नाहीत.